मधल्या खोलीतली भिंत

९ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागावलात तरी मला इथून दिसणार नाही, तेवढंच सुख. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. परवा मी "जेवलात का" विचारलं तर तुम्ही "हो हो, आठवड्यानं" म्हणालात. तेव्हा पत्रच बरं.

तुम्ही परत गेलात आणि घर एकदम मोठं झालं. हे होते तेव्हा याच घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे तिकडे उघडे रेडिओ, तारांची वेटोळी, स्क्रूंनी भरलेल्या बशा. आता सगळं आवरलंय आणि मला नको झालंय. एका बशीतले स्क्रू मी तसेच ठेवलेत, हसू नका.

एक विचारायचंय. न्हाणीघराच्या भिंतीतून रोज संध्याकाळी आवाज येतो. टक टक, जरा थांबून आणखी एक टक. तुमचे भाऊ दुकानातून आले की कडी कधी वाजवायचे नाहीत, बोटाच्या पेरानं असंच दार वाजवायचे. पहिल्या दिवशी मी हातातलं पीठ झटकत दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही उघडलं. आता उघडत नाही, पण तो आवाज होईपर्यंत काही कामही करत नाही. मला वेड लागलेलं नाही. लागलं तर तुम्हाला आधी कळवीन.

शिवाय न्हाणीघराच्या छताला पिवळा डाग पडलाय आणि मागचं दार फुगून बसलंय, खांद्यानं ढकलावं लागतं. तुमचं आयुष्य विमा कंपनीत पडकी, भिजलेली, जळालेली घरं बघण्यात गेलं, म्हणून तुम्हाला विचारते. हे असते तर तुम्हाला त्रास दिला नसता. हे असते तर म्हणाले असते, "उद्या बघू," आणि खरंच दुसऱ्या दिवशी बघितलं असतं.

स्वयंपाकघरात मला बसवत नाही. दोन माणसांचं टेबल आहे ते. म्हणून विजेची शेगडी मधल्या खोलीत आणली. फ्रिजही तिकडेच सरकवला, त्याची घरघर सोबतीला असते. यांच्या आरामखुर्चीमागे यांनी रेडिओसाठी भिंतीत पॉइंट काढला होता, त्यावरच दोन्ही चालतं. एका बाईचा स्वयंपाक तो किती असणार.

तुम्ही कधी येताय?

तुमची,
धाकटी


१६ ऑक्टोबर

प्रिय धाकटीस,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चष्मा पुसून कामाला लागले. भूत नाही. पाणी आहे. तुमच्याकडे संध्याकाळी पाणी सुटतं, टाकी भरते, भरली की आतला बॉल झडप बंद करतो. धावतं पाणी एकदम अडलं की धडकतं आणि पाइप सैल असेल तर भिंतीवर आपटतो. नळवाल्याला बोलाव आणि पाइपाला क्लॅम्प मारून घे. तासाभराचं काम आहे, चहा दिलास तर दोन तासांचं.

छताचा डाग म्हणजे गच्चीचा निचरा तुंबलाय. झाडाचा पाला अडकला असणार. स्वतः चढू नकोस. तू चढणारच आहेस, तेव्हा निदान शिडीचे पाय फरशीवर टेकलेत ना ते बघ आणि ओल्या चपला घालू नकोस. दाराला खालून रंधा मारायला सुतार लाव. पावसाळी ओल उतरली की दार आपोआप बसतं, पण तोवर तुझा खांदा उतरेल.

आणि एक काम रोज कर. सगळ्या भिंतींवरून तळहात फिरव. डोळ्यांना ओल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, तळहाताला आधी कळतं. मला कानानं कमी कळतं म्हणून मी आयुष्यभर भिंती हातानं ऐकल्या. कचेरीत माझी थट्टा व्हायची, म्हणायचे, बाई भिंतीची नाडी बघताहेत. पण ज्या घरावर मी हात ठेवला त्याचा दावा कधी चुकला नाही.

गॅसची रबरी नळी कधी बदलली होतीस? आठवत नसेल तर बदल. वापरत नसलीस तरी बदल.

या महिन्यात येईन म्हणाले होते ते जमत नाही. कारण विचारू नकोस, काही विशेष नाही.

दार उघडत होतीस हे वाचून जीव कळवळला. उघडत जा हवं तर. फक्त साखळी लावून.

तुझी,
ताई


४ नोव्हेंबर

ताई,

नळवाला येऊन गेला. तुम्ही म्हणालात तसंच होतं, दोन क्लॅम्प गळून पडले होते. त्यानं नवे मारले, पाइप हलवून दाखवला, हालेना. मी त्याला चहा दिला आणि तुम्ही म्हणालात तसे दोन तास लागले.

संध्याकाळी पाणी आलं. टाकी भरली. मी न्हाणीघराबाहेर उभी होते. काहीच वाजलं नाही. ताई, मी उगाच ते नीट करून घेतलं. तुम्हाला दोष देत नाही, पण मला तो आवाज हवा होता. मला ठाऊक होतं तो पाइप आहे. दार उघडायचं बंद केलं तेव्हापासूनच ठाऊक होतं. तरी रोज कोणीतरी आल्यासारखं वाटायचं, आता कोणी येत नाही.

निचऱ्यातून मी टोपलीभर पाला काढला. चढले, पडले नाही. सुतारानं दार तासलं, आता ते एका बोटानं उघडतं. हे आत येताना त्या दाराशी नेहमी अडायचे आणि "अरे, उघड की बाबा" असं दारालाच म्हणायचे. आता दार कोणाशीही भांडत नाही. तुमचं ऐकत गेले तर हे घर अगदी धडधाकट आणि मुकं होणार.

भिंतींवरून तळहात फिरवला. सगळ्या खोल्यांत. ओल कुठेच नाही.

शेगडी लावली की मधल्या खोलीतला दिवा जरा मंद होतो, मग पुन्हा सावरतो. मला त्याची गंमत वाटते. मी काही बोलले आणि यांना पटलं नाही की हे असेच नजर खाली घालायचे, आणि मग वर बघून हसायचे. परवा मी दिव्याला म्हटलं, मीठ जास्त झालंय का? तर तो मंद झाला.

शेजारच्या शिक्षकांनी वायरमनचं नाव सुचवलं. मी नको म्हटलं. यांनी स्वतः केलेल्या वायरिंगला परका माणूस हात लावणार, हे यांना कसं चालेल?

तुमची,
धाकटी


१२ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

तुझं "धडधाकट आणि मुकं" वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. मला वाटलं होतं मी मदत करतेय. तो आवाज तुला हवा होता हे आधी सांगितलं असतंस तरी मी पाइप बांधायलाच सांगितलं असतं, हे खोटं कशाला बोलू? सैल पाइप एक दिवस फुटतो. पण सांगताना जरा हळू सांगितलं असतं.

दिवा मंद होतो हे मला आवडलं नाही. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर आजच वायरमन लावायला सांगितला असता. पण वायरिंग आपल्या खटपट्याचं आहे. पोरवयात त्यानं आमचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. बाबा काठी शोधत होते, तोवर त्यानं ते जोडून चालू केलं, आणि उरलेला एक स्क्रू माझ्या मुठीत दडवला. घड्याळ पुढे कित्येक वर्षं बरोबर चाललं. अशा माणसाच्या कामावर मी संशय घ्यायचा? आमच्या घरात विजेचं काहीही बिघडलं की बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, त्याची वाट बघायची, हा कायदाच होता. मीसुद्धा त्याच कायद्यात म्हातारी झाले.

तरी शेगडी आणि फ्रिज एकाच पॉइंटवर नकोत. शेगडी स्वयंपाकघरात ने. टेबलाची एक खुर्ची काढून टाक, म्हणजे ते एका माणसाचं होईल. हे लिहायला सोपं आहे, मला कळतं.

मी येत्या महिन्यातही येऊ शकत नाही. काळजीचं कारण नाही.

तुझी,
ताई


२ डिसेंबर

ताई,

सगळं ठीक आहे. थंडी वाढली. गॅसची नळी बदलली.

शेगडी हलवली नाही. रागावू नका, हलवीन.

एक चांगली बातमी. माझं पाठीचं दुखणं गेलं. कुठलं मलम नाही, गोळी नाही. संध्याकाळी स्वयंपाक झाला की यांच्या जागी, आरामखुर्ची बाजूला सारून, खालीच भिंतीला पाठ लावून बसते. भिंत छान उबदार असते. तासभर बसलं की पाठ अशी सैल होते, जसं कोणी मागे बसून टेकू दिलाय. तिथेच जेवते, तिथेच पेपर वाचते, कधी तिथेच डोळा लागतो.

आणि यांचा वास येतो. तुम्हाला माहीत आहे, तारा जोडताना कथलाचा डाग देतात, तसला वास यांच्या शर्टाला असायचा, धुऊनही जायचा नाही. कपाट न उघडताच येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी घाबरले होते. आता आला नाही तर घाबरते.

आज इतकंच. तुमचं कानाचं दुखणं कसं आहे?

तुमची,
धाकटी


९ डिसेंबर

प्रिय धाकटीस,

पाठ बरी झाली हे वाचून फार बरं वाटलं. ऊन खाल्लेली भिंत म्हणजे म्हातारीचं औषध. बस रोज. वासाचं म्हणशील तर मलाही बाबांच्या तपकिरीचा वास अजून येतो, त्यांना जाऊन जमाना झाला. वास घरातून सगळ्यात शेवटी निघतो.

आता खरं सांगते. मी येत नाही कारण माझा पाय मोडलाय. न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरले. जिनं उभ्या आयुष्यात लोकांना "फरशी कोरडी ठेवा" म्हणून बजावलं, ती स्वतःच्या न्हाणीघरात आडवी पडली आणि साबणाला शिव्या देत बसली. लाज वाटली म्हणून कळवलं नाही. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. तू हसशील म्हणून उशिरा सांगितलं, आता हस.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

धाकटे,

परवाचं पत्र टाकलं आणि दोन रात्री झोप नाही. पलंगावर पडून तुमचं घर डोळ्यांसमोर फिरवते आहे. मधल्या खोलीला एकीकडे न्हाणीघर, दुसरीकडे कपाटाची खोली. आरामखुर्ची कपाटाच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी. त्या भिंतीला ऊन कुठून लागतं? लागत नाही. ती आतली भिंत आहे. आणि तू संध्याकाळी बसतेस, सकाळी नाही. स्वयंपाक झाल्यावर.

भिंत तापतेय. आतली तार तापतेय. तो वासही तोच आहे.

हे पत्र वाचून होण्याआधी उठ. शेगडी बंद कर, मग मेन स्विच खाली ओढ. मग पिना काढ, शेगडीची आणि फ्रिजची. हात कोरडे ठेव, रबरी चप्पल घाल. भिंतीवर पाणी मारू नकोस, काहीही झालं तरी पाणी मारू नकोस. फ्रिजमधलं दूध नासलं तर नासू दे. रात्री त्या घरात झोपू नकोस, शिक्षकांकडे जा. मी त्यांच्याकडे फोन केला, पण ते काय बोलले मला कळलं नाही आणि मी काय बोलले ते त्यांना.

आमच्या कचेरीचा तिथला एक जुना माणूस आहे, त्याला सांगून वायरमन पाठवते आहे. त्याला भिंत फोडू दे.

फ्यूज उडत का नाही? इतका भार पडला तर फ्यूज उडायला हवा. मला कळव.

मी अशी घरं पाहिली आहेत. आग भिंतीत बरेच दिवस नुसती बसून असते. घरातल्यांना वाटतं, खोली बरी उबदार आहे. मग कपाटाची पाठ धरते, कपडे धरते. एका घरात मी हात लावला ती भिंत दुसऱ्या दिवशीही गरम होती आणि घरात माणूस नव्हता. मी खटपट्याचं नाव घेऊन गप्प बसले, ही माझी चूक. आता तू माझं ऐक.

ताई


२४ डिसेंबर

ताई,

तुमचा वायरमन आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला. म्हटलं, सगळं ठीक आहे, आमच्या ताई जरा काळजीखोर आहेत. तो तुमच्यापेक्षा समजूतदार निघाला, लगेच गेला.

तुम्हाला वाटतं मला कळत नाही. ताई, मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. तुम्हीच लिहिलंत ना, भिंतींवर तळहात फिरव? फिरवला. ओल कुठे नव्हती. पण यांच्या खुर्चीमागे हात ठेवला आणि काढलाच नाही. मी तुम्हाला फक्त ओलीचं कळवलं. तुम्ही तेवढंच विचारलं होतं.

ती तार आहे हे मला समजतं. रेडिओवाल्याची बायको आहे मी, इतकी वर्षं तारांवरून चालले. फ्यूजचं विचारलंत. सुरुवातीला उडायचा. मग यांच्या डब्यातली जाड तार घेतली आणि घातली. हे घाईत असले की तसंच करायचे. तेव्हापासून उडत नाही.

आता मी विचारते त्याचं उत्तर द्या. हे दुकानात कोसळले तेव्हा मी बाजारात होते. शिक्षक मला सगळीकडे शोधत होते आणि मी कोथिंबिरीवरून घासाघीस करत होते. दवाखान्यात पोचले तेव्हा यांना खाली, त्या थंड खोलीत नेलं होतं. मी हात धरला. ताई, लग्नानंतर एक दिवस असा गेला नाही की यांचा हात गरम नव्हता. थंडीत मी माझे गार पाय यांच्या पोटऱ्यांना लावायचे आणि हे ओरडायचे. तो हात नळासारखा गार होता. मी म्हटलं, मला जरा आधी का नाही बोलावलं? तिथल्या माणसानं मला पाण्याचा पेला दिला.

तुमच्यासाठी ती धोक्याची भिंत आहे. मला एकच जागा राहिली आहे जिथे हे गार नाहीत. तुम्ही टक टक काढून घेतली, मी दिली. दार तासायला लावलंत, तासलं. हे देणार नाही.

घर जळालं तर जळालं. माझंच आहे. त्यात आम्ही दोघंच, तिसरं कोणी नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका आणि पुन्हा वायरमन पाठवू नका.

तुमच्या पायाला जपा.

धाकटी


३० डिसेंबर

प्रिय धाकटीस,

तीनदा लिहिलं आणि फाडलं. पहिल्यांदा शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा पाया पडले, तिसऱ्यांदा तुला आगीचं सगळं शास्त्र समजावलं. कामवालीनं केरात कपटे पाहून विचारलं, हिशोब चुकला का? म्हटलं, हो.

शास्त्र राहू दे. तू म्हणतेस भिंतीत तो आहे. बरं, आहे. मी त्याची थोरली बहीण, मी कशाला नाही म्हणू? मला तर हेवा वाटला. माझ्या वाट्याला त्याचं काहीच आलं नाही. माझ्या कानात दिवसभर शिट्टी वाजते, तीही त्याची नाही.

मग एवढंच सांग. त्याचं अंग इतकं तापलंय आणि तू त्याला टेकून पेपर कसा वाचतेस?

तुमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तापानं फणफणला होता. मी धावत आले. तू उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतीस. केस विस्कटलेले, साडीचा पदर ओला चिंब. मी म्हटलं, ऊठ, जरा पड, मी बसते. तू माझा हात असा झटकलास की वाटी सांडली. मला नणंद म्हणून भयंकर राग आला. आणि परत जाताना गाडीत बसल्यावर वाटलं, चला, आता माझी काळजी मिटली, याला माणूस मिळालं. पहाटे ताप उतरला तेव्हा तू भिंतीला डोकं टेकून झोपली होतीस, हात त्याच्या कपाळावर. हे मला त्यानंच सांगितलं, पुढे कित्येकदा सांगितलं. तुला नसेल सांगितलं. तो तुझ्यासमोर कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

ती बाई आता रोज संध्याकाळी शेगडी लावून त्याला ताप चढवते आणि त्याला पाठ लावून ऊब घेते. हे मला बघवत नाही, आणि मी बघतही नाहीये, नुसती इथे पडून कल्पना करते.

त्याचा ताप उतरव. बाकी मला काही म्हणायचं नाही. कोणालाही पाठवत नाही. हे तुझं काम आहे. तेव्हाही तू दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतंस.

तुझी,
ताई


९ जानेवारी

ताई,

आधी कामाचं. वायरमन आज येऊन गेला, मीच बोलावला. तुमचाच तो. दारात उभा राहून म्हणाला, आज काळजीखोर ताई घरी नाहीत का? मी म्हटलं, आज मीच आहे.

त्यानं पॉइंटच्या वरची वीतभर भिंत फोडली. आत तारांचा जोड होता. यांनी दोन तारा सुबक पिळून वर कथलाचा डाग दिला होता, रेडिओत देतात तसा. वायरमन बराच वेळ बॅटरी धरून बघत राहिला. म्हणाला, "काकू, जोड फार सुंदर आहे, पण हा रेडिओतला जोड आहे. घराच्या लाइनवर भार पडला की डाग वितळतो, जोड सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो." तारेवरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलं होतं. कपाटाची फळी मागून काळी पडली होती. त्या फळीला लागून यांचे शर्ट आहेत. एका शर्टाची पाठ तपकिरी झाली आहे, इस्त्री विसरून ठेवल्यासारखी. वायरमन म्हणाला, फार दिवस गेले नसते. किती ते मी विचारलं नाही.

तेव्हा वास यांचाच होता, ताई. तुम्ही म्हणालात तार आहे, मी म्हणाले हे आहेत, आणि दोघी खऱ्या. यांच्याच हातचं कथील वितळत होतं. यांना रेडिओची नाडी कळायची. घराचीही कळते असं यांना वाटायचं आणि आपणा सगळ्यांना वाटायचं. कोणी कधी दुसऱ्याला विचारलं नाही. हे लिहिताना मला यांचा राग आला, गेल्यापासून पहिल्यांदा. बरं वाटलं.

आता नवी तार येईल, फ्यूज बॉक्सच्या जागी नवा, आपोआप पडणारा स्विच बसेल. शेगडीला स्वयंपाकघरात वेगळी लाइन. जाड तारेचा डबा वायरमनला देऊन टाकला. स्क्रूंची बशी दिली नाही.

कालचं सांगते. तुमचं पत्र दुपारी आलं. वाचलं आणि तुमच्यावर इतकी चिडले की उभ्या उभ्या भांडी घासली. मग मधल्या खोलीत गेले, भिंतीवर हात ठेवला. नुकताच शेगडीवरून भात उतरवला होता, भिंत चांगली तापलेली होती. नेहमी मी पाठ लावून बसते, काल पहिल्यांदा तोंड करून बसले. आणि खरंच, ताई, कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं. तापलेल्या माणसाचं कपाळ कसं कोरडं लागतं, तसं. मी म्हटलं, अहो, किती अंग तापलंय तुमचं, आणि मला सांगितलंही नाहीत.

मग उठले, रबरी चप्पल घातली आणि मेन खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. पिना काढल्या. परत येऊन बसले आणि हात ठेवला. बोलत राहिले. काय बोलले ते तुम्हाला सांगणार नाही. मग अंधार पडला. शेजारी शिक्षकांकडे दिवे लागले, त्यांचा उजेड खिडकीतून आला. मी उठले नाही.

आज मी वायरमनला सहज विचारलं, वीज तोडल्यावर अशी भिंत गार व्हायला किती वेळ लागतो? म्हणाला, "एवढ्याशा जागेला काय, तास-दीड तास." मी बरं म्हटलं. मला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला, हे त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मला घाई नव्हती, आणि यांनाही नव्हती असं दिसलं. आधी कडा गार झाल्या, मग मधला भाग कोमट राहिला, मग तळहाताएवढाच. मग तोही माझ्या हाताइतकाच झाला, आणि मग माझ्या हातापेक्षा गार.

त्या दिवशी दवाखान्यात मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. काल शेवटपर्यंत मी तिथे होते, ताई. हात मी काढला नाही.

तुमची,
धाकटी